शातो गायार : तटाबाहेरची माणसं

ऑफिसच्या कामानं पॅरिसला गेलात आणि एक दिवस मोकळा मिळाला, तर आयफेल टॉवर जरा बाजूला ठेवा. मी ट्रेननं गायों गाठलं, तिथून टॅक्सीनं लेझांदली गाव. वर, सीन नदीकाठच्या उंच कड्यावर शातो गायार!

सह्याद्रीत पायपीट केलेली नजर आधी तटबंदीच शोधते. इंग्लंडच्या रिचर्ड राजानं ११९६ ते ११९८ या जेमतेम दोन-तीन वर्षांत हा किल्ला उभारला. एकामागे एक तीन कोट, मध्ये खोल खंदक. सगळ्यात आतल्या कोटाची भिंत सरळ नाहीच, ओळीनं अर्धगोल फुगवटे! आदळलेला दगड निसटावा, मारा सगळीकडे करता यावा. डोकं बघा!

तरी मार्च १२०४ मध्ये फ्रान्सच्या फिलिपनं तो जिंकला. बाहेरच्या कोटाचा बुरूज पायाखाली खणून पाडला. मधल्या कोटात सैनिक घुसले ते प्रार्थनाघराच्या खिडकीतून म्हणे. कुणी म्हणतं, शौचकूपातून.

पण मी थबकले ती उतारावर. आश्रयाला आलेल्या गावकऱ्यांना धान्य पुरेना म्हणून किल्लेदारानं बाहेर काढलं. आधीच्यांना फिलिपच्या सैन्यानं जाऊ दिलं, नंतरच्यांना अडवलं. मागे दार बंद, पुढे शत्रू. ऐन हिवाळ्यात कित्येक जण तिथंच भुकेनं गेले.

आज तिथं नुसतं गवत आहे. बॅगेतलं सँडविच मात्र मला तिथं खाववलं नाही.