लाइन गेल्यावर पाणी कुठं जातं?

आदिलाबादेत वीज गेली की आमच्या गल्लीत तीन भाषांत ओरड होते. आमच्या घरात ‘लाइन गेली’, समोरच्या घरात ‘करंट पोयिंदी’, कोपऱ्यावरच्या दुकानात ‘बत्ती गुल’. बाकीचे मोबाइलचा टॉर्च लावतात. मी मात्र गावातल्या कोणत्या घरी माशांची कोणती टाकी आहे, हे मनातल्या मनात आठवू लागतो. त्या मीच बसवलेल्या आहेत, आणि वीज गेल्यावर त्यांतलं पाणी कुठवर खाली येईल, हेही मलाच ठाऊक असतं.

मी मूळचा नळफिटिंगवाला. बाथरूम, गच्चीवरच्या टाक्या, बोअरच्या मोटारी ही माझी कामं. लहानपणी एकदा मुंबईला नेलं होतं, तेव्हा मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय म्हणजे आमच्याकडच्या पोरासाठी अजबच होतं. सगळे काचेला नाक लावून मासे बघत होते. मला मात्र राहून राहून वाटत होतं, की या भिंतीमागं काय असेल? पाणी कुठून येतं, घाण कुठून जाते? पुढं फिटर झालो आणि त्या भिंतीमागचंच काम पोटापाण्याचं झालं.

फोन नेमका चुकीच्या वेळी येतो. “भाऊ, घराचं काम आटोपलं. रंगही झाला. आता हॉलमधी एक मोठी फिश टँक बसवून द्या.” काम आटोपलं हे ऐकलं की माझा जीव खाली जातो. भिंती उघड्या होत्या, फरशी उखडलेली होती, इलेक्ट्रिशियन झिऱ्या मारत होता, तेव्हा हा फोन यायला हवा होता. दोन फुटी टाकी हे सामान असतं, आणून ठेवली की झालं. सहा फुटी टाकी हे बांधकाम असतं. तिला पाया लागतो, सांडपाण्याची लाइन लागते, वेगळा वीजपुरवठा लागतो. बाथरूम बांधताना आधी मोरीचा उतार काढतो आणि टाइल मागून बसवतो, इथंही तोच क्रम.

आधी वजनाचं सांगतो, कारण इथं लोक हसतात. ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तर ६८० लिटर पाणी मावतं, म्हणजे ६८० किलो. १२ मिलिमीटरची काच सव्वाशे किलोच्या घरात जाते. वाळू, दगड आणि स्टँड धरले तर हजार किलोच्या आसपास भरतात, तेही जेमतेम १२ चौरस फुटांवर. घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून काढतात आणि आपण तिथं त्याच्या चौपटीहून जास्त ठेवायला निघालेलो असतो. “लग्नात याच हॉलमधी पन्नास माणसं बसली होती न!” हे उत्तर मी खूपदा ऐकलंय. पण ती माणसं हॉलभर पसरून बसली होती आणि जेवून उठून गेली. टाकी उठत नाही. म्हणून वरच्या मजल्यावर टाकी हवी असेल तर ती बीमवर किंवा भिंतीला लागून, स्लॅबच्या मधोमध कधीच नाही. शंका असेल तर इंजिनिअरला बोलवा.

तळमजल्यावर ठेवली म्हणजे सुटलो, असंही आमच्या जिल्ह्यात नाही. ही कापसाची काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगते. फरशीचा एक कोपरा दोन-तीन मिलिमीटर जरी बसला तरी काचेला पीळ पडतो आणि जोड सुटतो. घराचं काम चालू असताना टाकीच्या जागेपुरती फरशी काढून, काळी माती उपसून, मुरूम धुमसून त्यावर काँक्रीट घालता येतं. वर विटांचे पाये, त्यावर कडप्पा, म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखंच. कडप्प्यावर लेव्हल बघायची, थर्माकोलची शीट अंथरायची आणि मगच काच ठेवायची. रंग झाल्यावर हे सगळं करा म्हटलं तर घरची बाई मला उंबरठ्यावरूनच परत पाठवेल, आणि तिचं बरोबरच असेल.

मध्येच वास्तूवाले येतात. पाण्याची जागा ईशान्येला. माझी हरकत नाही. ईशान्येला बीम असेल तर मीही शास्त्र मानतो.

काचेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, लांबीवर नाही. वर सांगितलेल्या टाकीच्या समोरच्या काचेवर पाणी सव्वातीनशे किलोहून जास्त जोरानं रेटत असतं. लांबी दुप्पट केली तर हा रेटा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर चौपट. त्यामुळे ‘जरा उंच करा, भारी दिसेल’ म्हणणाऱ्याला मी टाकी लांब करून देतो. उंच टाकीत तळाची वाळू साफ करायला हात पोचत नाही, हे त्याला सहा महिन्यांनी कळतं. भोकं पाडायची ती काचा चिकटवण्याआधी, हिऱ्याच्या कटरनं, पाणी सोडत सोडत. टफन काचेला भोक पडत नाही, सगळ्या काचेचा चुरा होतो. सिलिकॉन घ्यायचं ते व्हिनेगरसारखा वास येणारं साधं. बाथरूमसाठी बुरशीनाशक घातलेलं मिळतं, त्यानं मासे मरतात. चिकटवल्यावर निदान आठवडाभर टाकीला हात लावू नये.

आता पाइप. मोठ्या टाकीचं पाणी टाकीतच साफ होत नाही. ते काठावरच्या खाचेतून सांडतं, पाइपानं खालच्या टाकीत येतं, तिथं गाळलं जातं आणि मोटर ते परत वर चढवते. खालच्या टाकीला या धंद्यात संप म्हणतात. आमच्याकडे संप म्हणजे अंगणातली जमिनीखालची पाण्याची टाकी, त्यामुळे पहिल्या बैठकीत हमखास घोटाळा होतो. एका काकांनी खरंच अंगणातल्या संपाचं झाकण उघडून दाखवलं होतं.

खाली येणारा पाइप दीड इंची आणि वर चढणारा एक इंची ठेवतो. खाली येणारं पाणी फक्त स्वतःच्या वजनावर येतं, त्याला जागा ऐसपैस हवी. शिवाय खाली येणारे पाइप दोन असतात. एक बॉल व्हॉल्व्ह लावून पूर्ण भरून वाहणारा, तो आवाज करत नाही. दुसरा त्याच्यापेक्षा थोडा वर, कोरडा. पहिल्यात पान किंवा गोगलगाय अडकली की दुसरा वाहू लागतो आणि गळगळ आवाज करतो. तो आवाज म्हणजेच सूचना. जोडताना प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी युनियन, म्हणजे उघडता येणारा जोड, घालतो. सॉल्व्हंट सिमेंटनं सगळं कायमचं चिकटवून बसलात तर पुढं मोटर काढायला करवत लागेल. आणि मोटारीच्या खोक्यावर ताशी ५००० लिटर लिहिलेलं असतं ते पाणी वर चढवायचंच नसेल तेव्हाचं. पाच-सहा फूट चढवलं की आकडा बराच खाली येतो.

हे सगळं मी शिकलो ते एका चुकीतून. अगदी सुरुवातीचं काम, एका शिक्षकांच्या घरी. नवा हॉल, नवं प्लायवुडचं कपाट, त्यात संप. पाणी वर सोडणाऱ्या पाइपाचं तोंड मी पाण्याखाली सहा इंचांवर ठेवलं, कारण वर ठेवलं की बुडबुडे होतात. मोटर बंद पडली की तोच पाइप सायफन होऊन उलटा वाहणार हे माहीत होतं, म्हणून एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं सोडणारा व्हॉल्व्ह, बसवला. चार महिने काही झालं नाही. मग एका रात्री लाइन गेली. व्हॉल्व्हच्या झडपेत गोगलगायीचं बोटाच्या पेराएवढं पिल्लू अडकलं होतं, झडप मिटलीच नाही.

हिशेब सरळ आहे आणि तो मी आधी करायला हवा होता. वर सांगितलेल्या मापाच्याच त्या टाकीतलं एक इंच पाणी म्हणजे एक घनफूट, २८ लिटर. सहा इंच म्हणजे जवळपास १७०. माझा संप ३ फूट बाय दीड बाय दीड, त्यात सगळं मिळून १९० लिटर मावणार आणि तो मी दोन-तृतीयांश भरून ठेवलेला. जागा उरली होती ६४ लिटरची. बाकीचं शंभर लिटरहून जास्त पाणी रात्रीत प्लायवुड प्यालं. सर एक शब्द बोलले नाहीत. बाईंनी मला पोछा दिला. कपाटाचे पैसे मी हप्त्यांत फेडले.

तेव्हापासून पाइपाचं तोंड पाण्याखाली जेमतेम एक इंच. शिवाय पाण्याच्या पातळीलगत पाइपाला एक बारीक भोक, म्हणजे पातळी थोडी उतरली की त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. एनआरव्हीवर भिस्त ठेवत नाही. संपात किती पाणी ठेवायचं याची खूण मार्करनं काढतो आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवतो.

विजेचं थोडक्यात. टाकीसाठी वेगळी लाइन, तिला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच. प्लग टाकीच्या वरच्या पातळीला, बाजूला. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर. तो पाच-दहा वॉटचा असतो. टीव्ही इन्व्हर्टरवर आणि हवेचा पंप साध्या लाइनवर, अशी घरं मी पाहिली आहेत.

पाण्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. पैनगंगेच्या काठानं चुनखडीचा पट्टा आहे, सिमेंटला लागणारा दगड तिथूनच निघतो. तिथल्या बोअरचं पाणी जड. गिझरची कॉइल काढून बघा, पांढरा थर दिसेल. लोक मासिकात निळे-तांबडे डिस्कस बघतात आणि तेच हवेत म्हणतात. ते ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले. त्यांच्यासाठी आरओ लावायचा, एक लिटर मऊ पाण्यामागं दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं, आणि तेही मे महिन्यात, शेजारी टँकरची वाट बघत असताना? मला ते पटत नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या माशांना जड पाणी चालतं. तिथले सिक्लिड आमच्या बोअरच्या पाण्यात सासर-माहेर एकच असल्यासारखे राहतात, रंगही कमी नाही. पाणी बदलत बसण्यापेक्षा त्या पाण्याचा मासा आणावा. नळाचं पाणी वापरलं तर त्यात क्लोरिन असतो. पाणी चोवीस तास उघडं ठेवा किंवा हायपो टाका. जुन्या फोटोग्राफरला विचारा, त्याला हायपो माहीत असतो.

नदीतले दगड आणायची हौस सगळ्यांना. काळा बेसाल्ट बिनधास्त टाका. बाकीच्या दगडावर संडास साफ करायच्या ॲसिडचे दोन थेंब सोडा. फसफसलं तर तो चुनखडीचा, पाणी आणखी जड करणारा. ॲसिड पडलेला दगड मात्र टाकीत घालू नका, त्याचा भाऊ घाला.

आमचा उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, मासे वर येऊन तोंड उघडतात. पाण्यावर तिरका पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. खसच्या कूलरचं जे तत्त्व तेच इथंही. पण उडून जातं ते नुसतं पाणी, क्षार मागंच राहतात. म्हणून रोजची तूट भरायला स्लॅबवरचं साठवलेलं पावसाचं पाणी वापरावं. पहिल्या सरीचं नाही, स्लॅब धुतल्यानंतरचं. हिवाळ्यात मोठ्या टाकीला एक मोठा हीटर लावण्यापेक्षा ३०० वॉटचे दोन लावावेत. एक बिघडला तर दुसरा सांभाळून नेतो.

दिवाळीत मासे दिसायला हवेत, हा आग्रह दरवर्षीचा. त्यासाठी टाकीत पाणी गौरी-गणपतीतच भरलेलं हवं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. हे जिवाणू संपातल्या स्पंजवर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर दिवे लावलेली, पाणी खळखळणारी, रिकामी टाकी घरात असते आणि पाहुणे हसतात. हसू द्या. दिवाळीची रंगरंगोटीही याच दिवसांत उरकून घ्या, कारण हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. थिनर, वाळवीचं औषध, डासांची कॉइल आणि लिक्विड, सगळं त्यातून पाण्यात उतरतं. डासांच्या औषधातला पायरेथ्रॉइड माणसाला सोसतो, माशाला नाही.

नायट्रेट झालेलं पाणी आठवड्याला पाव हिश्श्यानं बदलावं लागतं, म्हणजे १७० लिटर. बादल्यांनी कोण काढणार? म्हणून भिंत उघडी असतानाच सांडपाण्याची लाइन टाकतो, दर चार फुटाला एक इंच उतार देऊन, आणि तिचं तोंड मोगऱ्याच्या आळ्यात काढतो. नालीत कधीच नाही. नाली नाल्याला मिळते, नाला पैनगंगेला, आणि टाकीतलं काहीच तिथं पोचायला नको, मासे तर नाहीच. टाकीची काच चाटणारा सकर मासा लहान असतो तेव्हा वीस-तीस रुपयांचा, मोठा झाला की फूटभराचा होतो. मग कोणीतरी ‘पुण्य लागेल’ म्हणून त्याला तळ्यात सोडतो. तो आपल्या पाण्यातला नाही, हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत घालून आलेला. जाळ्यात आला तर जाळं फाडतो, आणि त्याला खातही कोणी नाही. मासा जड झाला तर मला फोन करा, मी घेऊन जातो. माझ्याकडे सध्या असे सात आहेत.

काम सोपवण्याआधी मी एक गोष्ट करतो. मेन स्विच स्वतः खाली पाडतो आणि संपासमोर पाटावर बसतो. घरातले आजूबाजूला उभे राहतात. वरचं पाणी खाचेवरून सांडायचं थांबतं, पाइपातून गळगळ येते, बारीक भोकातून हवा शिरल्याची शीळ वाजते. संपातलं पाणी चढत जातं. परवा बेला गावात एका घरी असाच बसलो होतो. आजी म्हणाल्या, “मासे कुठायत रे बापू?” म्हटलं, “आजी, अजून पाच आठवडे.” पाणी संपाच्या काठाखाली दोन बोटांवर येऊन थांबलं. आम्ही आणखी दहा मिनिटं बघत बसलो. मग त्यांनी चहा ठेवायला सांगितलं आणि मी मेन स्विच वर केला.