चौदा माणसे, दोन नावा

छत्रपती संभाजीनगर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असले, तरी हा प्रदेश समुद्राला अगदीच अनोळखी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर या दोन पेठांची नोंद आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तेर. पैठणचे अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तेरचे कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई व तेथे जहाजात चढे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात शिडांचे जहाज रंगविलेले आजही दिसते. या भूमीतील व्यापाऱ्याचा माल समुद्र ओलांडत होता. गुलमंडीवर कापडाचा व्यापार करणाऱ्या एका जैन कुटुंबाने मात्र यंदा माल नव्हे, स्वतःच समुद्रावर जाण्याचे ठरविले, आणि तेही नेमके ग्रीसला.

निमित्त होते बाबूजी आणि बाई यांच्या लग्नाच्या पन्नाशीचे. १९७६ साली झालेल्या विवाहाला २०२६ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण होतात. मंगल कार्यालय, हजार पाने आणि सत्कार या नेहमीच्या मार्गाला बाबूजींनीच नकार दिला. ‘‘लोकांना जेवू घालण्यात आयुष्य गेले, एकदा घरातली माणसे आठ दिवस एकत्र राहिलेली पाहू द्या,’’ असे ते म्हणाले. या वाक्यामागे कारण होते. दोन वर्षांपूर्वी दोन्ही मुलांमध्ये धंद्याची वाटणी झाली होती. जुने दुकान थोरल्याकडे राहिले, धाकट्याने जालना रोडवर नवे दालन थाटले. भांडण झाले नव्हते. कागदपत्रे नीट झाली, स्वयंपाकघरे दोन झाली आणि बोलणे कामापुरते उरले.

सहलीसाठी नाव निवडण्याची कल्पना नातवाची. बाईंचे गुडघे दुखतात आणि बाबूजींची बायपास झालेली आहे. रोज नवे गाव, नवे हॉटेल, पहाटे बसमध्ये चढणे त्यांना झेपणारे नाही. नावेत मात्र बॅग एकदाच उघडायची. खोलीच माणसासह प्रवास करते. शिवाय स्वयंपाक आपल्या सूचनेप्रमाणे होतो. अशी नाव दोन प्रकारे मिळते. ज्याच्याकडे नौकानयनाचा परवाना आहे, तो रिकामी नाव घेऊन स्वतः चालवतो. इतरांसाठी कोकणात ज्याला तांडेल म्हणतात तसा कप्तान, सोबत स्वयंपाकी आणि गरजेप्रमाणे खलाशी नावेबरोबरच येतात. या कुटुंबासाठी अर्थातच दुसरा प्रकार.

वेळ ठरविताना पंचांग, शाळा आणि बाजारपेठ या तिघांची संमती लागली. एप्रिल आणि मेचा पूर्वार्ध ही लग्नसराई. त्या दिवसांत कापड दुकानदार गल्ला सोडून जाऊ शकत नाही. परंतु २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. या महिन्यात लग्नाचे मुहूर्त नसल्याने पेठ मंदावते, आणि अधिक मासामुळेच चातुर्मासही जुलैच्या अखेरीस सरकतो. मुलांच्या शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद. अशा नावा बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात, म्हणून ३० मे ते ६ जून हा आठवडा धरला गेला.

प्रथम आपल्याच देशातील बेटांचा विचार झाला. परंतु नैऋत्य मान्सून मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अंदमानात पोहोचतो आणि लक्षद्वीपचा समुद्रही त्याच सुमारास खवळू लागतो. ही बेटे हिवाळ्याची. तुर्कस्तानच्या बोडरूमकडील दोन डोलकाठ्यांच्या लाकडी गुलेट नावा सर्वांच्या मनात भरल्या होत्या. परंतु मे २०२५ नंतर पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे नाकारली, तेव्हा बाबूजींनीही ते नाव यादीतून खोडले. उरला ग्रीस. तेथेही एजियन समुद्राच्या मध्यभागी उन्हाळ्यात ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा वारा जोरात वाहतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा भर असतो. अथेन्सजवळचे सारोनिक आखात त्या मानाने आडोशाचे आहे आणि बेटे जवळजवळ आहेत. अथेन्सपासून एजिना सुमारे सतरा सागरी मैलांवर, म्हणजे नावेच्या संथ गतीने अडीच-तीन तासांवर. पुढे पोरोस आणि इद्रा. इद्रा बेटावर मोटारींना बंदी असून माल खेचरांच्या पाठीवरून जातो. एजिनाचा पिस्ता प्रसिद्ध आहे, आणि ग्रीक जगातील अगदी आरंभीच्या चांदीच्या नाण्यांत कासवाची छाप असलेली एजिनाची नाणी मोडतात. हे ऐकून बाबूजींचा उत्साह दुणावला. ज्या गावाने आधी नाणे पाडले, ते गाव पाहिलेच पाहिजे, असा त्यांचा निर्वाळा होता.

पहिली खरी अडचण संख्येची निघाली. बाबूजी व बाई. थोरला मुलगा, सून, त्यांचा मुलगा व नातसून. धाकटा मुलगा, सून व दोन मुले. लेक, जावई व त्यांची दोन मुले. एकूण चौदा. ‘टायटॅनिक’च्या दुर्घटनेनंतर १९१४ साली सागरी सुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार प्रथम झाला, त्याच्या आजच्या स्वरूपात बारापेक्षा अधिक प्रवासी नेणारे जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरते आणि त्याला कितीतरी कडक नियम लागू होतात. म्हणून भाड्याच्या बहुतेक नावा बारा पाहुण्यांवर थांबतात.

दोघे भाऊ हिशेबाला बसले. घरातली दहा माणसे निश्चित. राहिल्या दोन जागा. लेकीने मुलांना सासरी ठेवून जावयांसह यावे, किंवा तिच्या कुटुंबाची वेगळी सहल पुढच्या वर्षी करून द्यावी, असा प्रस्ताव आला. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण ‘घरातली दहा’ हा शब्दप्रयोग बाईंच्या कानावर पडला. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘मग माझेही नाव पुढच्या वर्षीच्या यादीत घाला.’’ त्यानंतर दोन दिवस सहलीचा विषय कोणी काढला नाही.

तोडगा थोरल्या नातवाने शोधला. एका मोठ्या नावेऐवजी दोन लहान कॅटमरान घ्याव्यात. हा शब्द मूळचा तमिळ, ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेले ओंडके. दोन समांतर तळांमुळे ही नाव कमी डोलते, ज्येष्ठांना चालणे सोपे जाते. प्रत्येकीत चार खोल्या, सोबत कप्तान व स्वयंपाकी. दिवसा दोन्ही नावा एकामागून एक जातील आणि रात्री एकाच बंदरात शेजारी बांधल्या जातील. चौदा माणसे, सात अधिक सात.

साहजिकच पहिली मांडणी झाली ती थोरल्याची एक नाव आणि धाकट्याची दुसरी अशी. वाटणीची सवय समुद्रापर्यंत पोहोचली होती. ती यादी पाहून बाईंनी चष्मा पुसला आणि स्वतः कागद मागून घेतला. त्यांनी लिहिलेली यादी अशी होती: पहिल्या नावेत बाबूजी, बाई, दोन्ही मुलगे, दोन्ही सुना आणि सर्वांत धाकटी नात, दुसऱ्या नावेत लेक, जावई, नातू, नातसून आणि उरलेली तिन्ही मुले. ‘‘दोघे भाऊ एका नावेत राहतील. दुसऱ्या नावेचा कारभार ताईकडे,’’ एवढेच त्या म्हणाल्या. आतापर्यंत जिची जागा शेवटी मोजली जात होती, तिच्या हाती एक संपूर्ण नाव आली. यादीत पुन्हा फेरफार झाला नाही.

पैशाचा हिशेब मांडणे या घराला अवघड नव्हते. फक्त या व्यवहाराची रीत समजून घ्यावी लागली. जाहिरातीत दिसते ते नावेचे मूळ भाडे असते. इंधन, शिधा आणि बंदरांचे शुल्क यांसाठी भाड्याच्या पंचवीस ते पस्तीस टक्के रक्कम आगाऊ ठेवण्याची पद्धत आहे. कप्तान तिचा पावत्यांसह हिशेब देतो आणि उरलेली रक्कम परत करतो. बक्षिसी ऐच्छिक असली तरी साधारण दहा टक्के धरून चालावे. समजा, एका नावेचे आठवड्याचे भाडे १२,००० युरो आहे. तीस टक्के आगाऊ म्हणजे ३,६०० आणि बक्षिसीचे १,२०० मिळून १६,८०० झाले. दोन नावांचे ३३,६०० आणि माणशी २,४०० युरो. स्थानिक कर, विमान, व्हिसा आणि विमा वेगळे. करारावर सही करताना साधारणतः निम्मे भाडे आणि उरलेले निघण्याच्या महिनाभर आधी द्यावे लागते. म्हणून रद्द केल्यास काय परत मिळते, हे कलम सहीपूर्वी वाचलेच पाहिजे.

करसल्लागाराने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. २०२५-२६ च्या नियमाप्रमाणे परदेशी सहलीच्या पॅकेजवर दहा लाखांपर्यंत पाच टक्के आणि त्यापुढील रकमेवर वीस टक्के कर स्रोतावर गोळा होत असे. ही मर्यादा व्यक्तीगणिक व आर्थिक वर्षागणिक होती. तो कर बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो. पण खेळते भांडवल तेवढे महिने अडकते. एकाच खात्यातून सगळे पैसे भरण्यापेक्षा प्रत्येकाने आपापला वाटा आपल्या पॅनवर भरावा, असे ठरले. तेव्हा बाईंनी आपली मुदत ठेव मोडायला काढली. मुलांनी विरोध केला. ‘‘पन्नास वर्षांत एक तिकीट तरी माझ्या पैशाने निघू द्या,’’ या उत्तरावर विरोध मावळला. जावयांनीही आपल्या चौघांचा वाटा स्वतःच भरला.

मग आले पसंतीचे पत्रक. नाव भाड्याने देणारी संस्था प्रत्येक प्रवाशाकडून ते भरून घेते: काय खाता, काय वर्ज्य, कोणती औषधे, पोहता येते का. आहाराचा भाग दोन्ही सुनांनी एकत्र बसून भरला. केवळ ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. ग्रीक स्वयंपाकात पालकाच्या पोळीपासून द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांपर्यंत कांदा असतो. फेटा चीज पारंपरिक पद्धतीने करताना जनावराच्या जठरातील विरजण वापरतात. दह्यावर मध ओततात. म्हणून त्यांनी वर्ज्य पदार्थांची नावे एकेक करून लिहिली: कांदा, लसूण, बटाटा, गाजर, सर्व कंद, अंडे, मध, मद्य, वनस्पतिजन्य विरजणाखेरीज कोणतेही चीज. सोबत आपले मसाले, डाळी, खाकरे आणि एक जाड बुडाचे पातेले न्यायचे. नावेवरून मासेमारी करू नये, अशी विनंतीही जोडली. पिण्याचे पाणी उकळून ठेवायचे. नावेवरील गोड्या पाण्याचा साठा मर्यादित असतो, पण नळाची आठ-आठ दिवस वाट पाहणाऱ्या शहरातील माणसांना ते वेगळे शिकवावे लागत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणाची चिंता मात्र आपोआप मिटली. अथेन्सला त्या दिवसांत सूर्य रात्री साडेआठनंतर मावळतो.

त्या पत्रकात प्रत्येकासाठी स्वतंत्र पान होते. बाईंचे पान नातसून भरत होती. ‘‘नाश्त्याला काय आवडते?’’ या प्रश्नावर बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘सगळ्यांना आवडते तेच.’’ नातसुनेने लेखणी खाली ठेवली आणि प्रश्न पुन्हा विचारला. बाईंनी सांगितले: ज्वारीच्या लाह्या, दुधात, माहेरी मिळत असत. घरात ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती, बाबूजींनाही. बरोबर न्यायच्या सामानाच्या यादीत लाह्यांचे पाकीट सर्वांत वर लिहिले गेले.

हृदयरोगतज्ज्ञांनी बाबूजींना परवानगी दिली आहे. अट एवढीच की रोजची वाटचाल तीन तासांच्या आत असावी आणि रात्रीचा मुक्काम बंदरातच असावा. पूर्वीचा आजार लपवला तर दावा नाकारला जाऊ शकतो, म्हणून विम्याच्या अर्जात बायपासचा स्पष्ट उल्लेख केलेला आहे. शेनगेन व्हिसासाठी सर्वांची कागदपत्रे एकाच फाइलमध्ये लावली आहेत. निम्मे भाडे भरून झाले; उरलेले एप्रिलअखेर भरायचे आहे.

सहलीच्या खर्चासाठी एक स्वतंत्र वही घातली आहे. पहिल्या पानावर थोरल्याने ‘शुभ’ लिहिले, धाकट्याने ‘लाभ’. दर रविवारी संध्याकाळी दोघे भाऊ ती वही घेऊन बाबूजींच्या खोलीत बसतात. हिशेब दहा मिनिटांत संपतो. उठायला तास-दीड तास लागतो.