वरच्या गटातली लढत

सर्वांत थोर मुष्टियोद्धा कोण, हा वाद वसतिगृहात एकदा सुरू झाला की दिवे मालवेपर्यंत संपत नाही. कोणी मुहम्मद अलीचे नाव घेतो, कोणी माईक टायसनचे. मग कोणीतरी हुकमाचे पान टाकतो : फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ आठ वजनी गटांत जगज्जेता झाला, असा दुसरा दाखवा! मीही याच पक्षाचा. बॉक्सिंगमध्ये वजनी गट उगाच नसतात. जास्त वजनाच्या माणसाचा ठोसा जड असतो, हात बहुधा लांब असतात आणि तो अंगाला भिडून रेटू लागला की आपले पाय लवकर थकतात. आपला गट सोडून वर जायचे म्हणजे हे सगळे आपणहून ओढवून घ्यायचे.

या सुट्टीत मल्लेश्वरमच्या घरी मी हा मुद्दा आजोबांपुढे मांडला. आजोबा मूळचे कऱ्हाड भागातले. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी सँकी तलावाची सकाळची फेरी चुकवत नाहीत. त्या फेरीत त्यांनी माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "मग हवासिंगचं काय करायचं?"

हवासिंग भारतीय सैन्यातले. १९६६ आणि १९७० अशा लागोपाठच्या दोन आशियाई स्पर्धांत त्यांनी हेवीवेट गटाचे सुवर्णपदक जिंकले. तो सर्वांत वरचा गट. आजोबा म्हणाले, "त्याच्या वर गटच नव्हता. त्यानं चढायचं कुठं? नुसते गट मोजत बसलास तर हा माणूस तुझ्या यादीत येणारच नाही."

घरी येऊन मी हिशेब मांडला, तेव्हा मोजणीतली आणखी एक अडचण दिसली. १९३७-३८ मध्ये अमेरिकेच्या हेन्री आर्मस्ट्राँगने दहा महिन्यांच्या आत तीन गटांची जागतिक विजेतेपदे मिळवली आणि काही काळ तिन्ही एकाच वेळी स्वतःकडे ठेवली. तेव्हा मुख्य गट आठच होते. आज व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये किमान १७ गट आहेत आणि विजेतेपदे देणाऱ्या चार मोठ्या संघटना. खालच्या काही गटांत तर फक्त दीड-दोन किलोंचे अंतर आहे. म्हणजे आर्मस्ट्राँगचे तीन आणि आजचे तीन यांची किंमत एक नाही.

मग पॅकियाओचे आठ गट फुकट गेले का? तसेही नाही. १९९८ मध्ये तो पहिल्यांदा जगज्जेता झाला तो ५१ किलोंच्या आतल्या गटात. २०१० मध्ये मेक्सिकोच्या अँटोनियो मार्गारिटोविरुद्ध तो लढला तेव्हा त्याचे वजन भरले साडेपासष्ट किलोंच्या आसपास. व्यावसायिक लढतीत वजन आदल्या दिवशी होते. त्यानंतर पाणी पिऊन, खाऊन मार्गारिटो रिंगमध्ये आला तो पॅकियाओपेक्षा सात किलोंहून अधिक जड होऊन, शिवाय उंचीने बराच मोठा. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांनी पॅकियाओला विजयी ठरवले. माझ्या मते आठ या आकड्यापेक्षा ही एक लढत जास्त सांगते. समोर कोण होता आणि तो किती मोठा होता, हे पाहिले पाहिजे.

याच मापाने मी मेरी कोमकडे पाहिले. २००२ मध्ये ४५ किलो, २००५, २००६ आणि २००८ मध्ये ४६ किलो, २०१० मध्ये ४८ किलो अशी तिची पाच जागतिक सुवर्णपदके झाली होती. २०१२ मध्ये लंडनला महिलांचे बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आले, पण गट तीनच : ५१, ६० आणि ७५ किलो. मेरीचा गटच नव्हता. ती ५१ मध्ये गेली. पहिल्या लढतीत समोर आली पोलंडची कॅरोलिना मिखालचुक. चार वर्षांपूर्वी चीनमधल्या निंगबोच्या जागतिक स्पर्धेत या दोघींनी सुवर्णपदके जिंकली होती : मेरीने ४६ किलोंत, मिखालचुकने ५४ किलोंत. मधले आठ किलोंचे अंतर त्या वेळी कोणी ओलांडेल असे वाटलेही नसेल. आता एक पाच किलो वर आली होती, दुसरी तीन किलो खाली. मेरी १९-१४ ने जिंकली. पुढे उपांत्य फेरीत इंग्लंडच्या निकोला ॲडम्सने तिला ११-६ ने हरवले आणि मेरीला कांस्यपदक मिळाले.

आजोबांनी इथेही हरकत घेतलीच. "तिला दुसरा मार्ग नव्हता म्हणून ती वर गेली. नाइलाजात थोरवी कसली?"

यावर मी त्यांच्याच गावाकडचे उदाहरण दिले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. खेळ कुस्तीचा असला तरी तिथेही काट्यावर उभे राहावेच लागते. १९४८ मध्ये लंडनला ते ५२ किलोंच्या गटात उतरले आणि सहावे आले. मातीत घडलेल्या या मल्लाला तिथे मॅटवर लढावे लागले. चार वर्षांनी हेलसिंकीला ते ५७ किलोंच्या गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मी म्हणालो, "आजोबा, मॅटही त्यांनी मागितली नव्हती. नाइलाजानं वर जावं लागलं म्हणून समोरचा काही हलका होत नाही."

आजोबा हसले. "खाशाबांना मधे आणलंस म्हणजे मी काय बोलणार! पण हवासिंग माझा."

हवासिंग मीही सोडत नाही. एकाच गटात वर्षानुवर्षे सर्वांना पुरून उरणे ही वेगळी थोरवी आहे आणि तिला कमी लेखायचे कारण नाही. पण वर जाणाऱ्याची थोरवी पदकांच्या बेरजेत नसते. जिथे आपण बलवान ठरलो होतो ती जागा सोडून, जिथे आपण लहान आहोत तिथे तो उभा राहतो.

हा वाद माझ्यासाठी नुसता गप्पांचा विषय नव्हता. गेल्या सत्रात हाउस बॉक्सिंगमध्ये मी माझ्या गटात अंतिम फेरीपर्यंत गेलो होतो. सुट्टीत माझे वजन चार किलोंनी वाढले. पुढच्या स्पर्धेत जुन्याच गटात राहायचे तर ते उतरवावे लागेल. प्लास्टिकचे जॅकेट घालून पळ, दोन दिवस पाणी कमी कर, असा सल्ला मिळालाच होता. पण असे उतरते ते बहुतेक शरीरातले पाणी. त्याने दम लवकर लागतो, हालचाल मंदावते, आणि डोक्याला मार बसण्याच्या खेळात हे धोक्याचे आहे. आमच्याकडे वजन लढतीच्या दिवशीच सकाळी होते. गेलेले पाणी भरून काढायला वेळच मिळत नाही.

आईला हे कळले तेव्हा ती आठव्या क्रॉसवरून आणलेली भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सोळा वर्षांचा आहेस. वाढणारच. कपडे नवे शिवतो ना आपण? मग गट नवा घे."

मी वरच्या गटात नाव देणार आहे. तिथे कोण समोर येईल हेही मला ठाऊक आहे. तो माझ्यापेक्षा उंच आहे, त्याचा डावा हात लांबून येतो आणि गेल्या वर्षी त्याने तीनपैकी दोन लढती लवकर संपवल्या होत्या. लांबून खेळलो तर माझा निभाव लागणार नाही. म्हणून रोज सकाळी आजोबांची फेरी होईपर्यंत मी तलावाकाठी एकच सराव करतो : डोके खाली, डावा पाय पुढे, त्याच्या हाताच्या आत शिरणे आणि दोन ठोसे मारून बाहेर पडणे. अजून बाहेर पडायला मला उशीर होतो. सत्र सुरू व्हायला एकवीस दिवस आहेत.