सर्व्हरची जागल



आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हरभरा घाट्यावर आला की शेतकऱ्याची झोप उडते. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत वावर साफ करतात, म्हणून माणसं रात्री जागलीला जातात. लहानपणी मीही बाबांसोबत माळ्यावर झोपायला जायचो. जरा खसफसलं की मी बॅटरी घेऊन उभा! बाबा म्हणायचे, "पान हाललं म्हून उठशीन तं रातभर उठबसच करशीन. अन् पाहाटं डोया लागला का मंग येतीन डुक्करं."

हे वाक्य मला अनेक वर्षांनी शाळेच्या संगणक कक्षात आठवलं.

आमच्या शाळेत एका जुन्या संगणकावर लिनक्स टाकून आम्ही सर्व्हर केला. पाठांचे व्हिडिओ, प्रश्नसंच, आठवीच्या एनएमएमएस परीक्षेच्या सराव चाचण्या, सगळं त्यावर. पण दर दोन दिवसांनी "सर, उघडतच नाही!" अशी ओरड व्हायची. बिघाड मुलांच्या आधी आपल्याला कळावा, म्हणून मी मुक्तस्रोत साधनं शोधली. मुक्तस्रोत म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो, कोणीही तो वापरू आणि बदलू शकतो. नागिओस हे १९९९ पासूनचं जुनंजाणतं साधन, झॅबिक्स मोठ्या नेटवर्कसाठी. आम्ही अपटाइम कुमा हे छोटं साधन निवडलं.

याचं काम सोपं आहे. ठरावीक वेळाने ते सर्व्हरला हाक मारतं. उत्तर आलं की हिरवी पट्टी, नाही आलं की लाल पट्टी आणि माझ्या मोबाईलवर टेलिग्रामचा मेसेज. या हाकेचा सर्वात साधा प्रकार म्हणजे 'पिंग'. माइक मूस यांनी तो प्रोग्राम १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारचा आवाज जातो आणि आदळून परत येतो, त्या आवाजावरून हे नाव ठेवलं.

मी उत्साहात सगळ्याच गोष्टींवर पहारा बसवला. सर्व्हर, राउटर, प्रिंटर, दहाही संगणक! एक हाक चुकली की लगेच मेसेज. व्होल्टेज कमी झालं, मेसेज. मुलांनी संगणक बंद केला, मेसेज. आठवडाभरात 'लांडगा आला रे आला' अशी गत झाली. कंटाळून मी तो ग्रुप म्यूट केला.

एनएमएमएसच्या आदल्या शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटची सराव चाचणी होती. मुलं सातलाच हजर. एक मुलगी तर शेतातल्या वस्तीवरून थंडीत चालत आली होती. चाचणी उघडेना. हार्ड डिस्क जुन्या बॅकअपने काठोकाठ भरली होती. ते काढेपर्यंत शाळा सुटायची वेळ झाली. ती मुलगी सहज म्हणाली, "सर, तुमच्या मोबाईलवर मेसेज येतो ना?"

आला होता. रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी आला होता. मी पाहिला नव्हता. मला काय उत्तर द्यावं सुचेना. रविवारी मुलं सरावाविनाच परीक्षेला गेली.

सोमवारी आठवीच्या मुलांसमोर मी माझी चूक सांगितली आणि आम्ही मिळून जागल नव्याने लावली. प्रत्येक गोष्टीसाठी एकच प्रश्न विचारला : हा मेसेज आला तर कोणी उठून काय करायचं? ज्याला उत्तर नव्हतं, त्याचा मेसेज बंद. प्रिंटर आणि दहा संगणक गेले, राहिले फक्त सर्व्हर आणि राउटर. एक हाक चुकली तर थांबायचं, एकेका मिनिटाने आणखी तीनदा हाक मारायची, तरीही उत्तर नाही आलं तरच मेसेज. डिस्क ८० टक्के भरली की आधीच सूचना. मेसेज मला आणि आणखी एका शिक्षकांना. मुलांनी एक वही केली. बिघाड कधी झाला, कारण काय, काय केलं, हे दोन मुलं आळीपाळीने लिहितात.

तेवढ्यात एका मुलाने विचारलं, "सर, जागल करणाराच झोपला तर?" प्रश्न अगदी बरोबर होता! अपटाइम कुमा त्याच सर्व्हरवर चालत होतं. सर्व्हर बंद पडला की पहारेकरीही बंद, मग मेसेज कोण पाठवणार? आम्ही ते दुसऱ्या जुन्या लॅपटॉपवर हलवलं. पण वीज किंवा इंटरनेट गेलं तर तोही मुका होतो.

यावर उपाय वावरातच सापडला. बाबा रात्री मधूनच शेजारच्या माळ्याकडे हाक मारायचे. पलीकडून "ओ!" आली की निवांत. ओ नाही आली तर कंदील घेऊन पाहायला जायचे. म्हणून आता रोज सकाळी परिपाठाआधी लॅपटॉपकडून 'सर्व ठीक' असा एकच मेसेज येतो. तो आला नाही, तर तीच धोक्याची सूचना.

मित्रांनो, साधन फुकट मिळतं, जागल मात्र माणसालाच करावी लागते. तुमच्या शाळेत असा सर्व्हर असेल तर आधी मेसेज कमी करा आणि कोण उठणार ते ठरवा. ती मुलगी आता नववीत आहे. परिपाठाला जाताना दारातून विचारते, "सर, आज ओ आली का?"