संजीवनी आणि तोतया

गेलेले माणूस परत आल्याची वार्ता दुसऱ्याच्या घरची असली, तर तिला हसणे सोपे असते. आपल्या घरची असली म्हणजे भल्याभल्यांचा विवेक डळमळतो. १७६१ साली पानिपतावर भाऊसाहेब पडले, तरी ते जिवंत असल्याची वदंता पुण्यात कित्येक वर्षे नांदत होती. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही असे सांगतात. पुढे एका तोतयाने त्या आशेच्या बळावर फौज उभी केली आणि १७७६ मध्ये त्याचा शेवट झाला. एवढ्या थोर प्रकरणाची आठवण आम्हांस एका खेळण्यापायी व्हावी, हे वाचकांस विचित्र वाटेल. परंतु वार्तेची पारख कशी करावी, किंबहुना कशी करू नये, हा धडा आम्हांस त्या खेळण्यानेच दिला आहे.

सोनी कंपनीचे पीएसपी नावाचे, हातात धरून खेळावयाचे यंत्र डिसेंबर २००४ मध्ये जपानात विक्रीस आले. आमच्या भाच्यास ते त्याच्या काकांनी सिंगापूरहून आणून दिले होते. अशा यंत्रास जागे करणारा प्रोग्रॅम त्याच्या पोटातील फ्लॅश मेमरीत लिहिलेला असतो, आणि अधूनमधून तो पुसून त्याच जागी नवा लिहावा लागतो. २००७ च्या उन्हाळ्यात भाच्याने हे काम आरंभिले. पडद्यावरील पट्टी मध्येच थांबली असे वाटून त्याने बॅटरी उपसली, आणि जुने पुसलेले व नवे अपुरे अशा अवस्थेत यंत्राने मान टाकली. कळ सरकवावी, हिरवा दिवा क्षणभर लागावा, पडदा काळाच राहावा आणि दिवा विझावा, एवढीच काय ती धुगधुगी उरली. अशा यंत्रास जाणकार मंडळी ‘ब्रिक’, म्हणजे वीट, म्हणतात. एका दुरुस्ती केंद्राने आतला संपूर्ण बोर्ड बदलण्याचा खर्च सांगितला, तो जवळजवळ नव्या यंत्राएवढा होता.

आमच्या वस्तीत मोबाइल दुरुस्त करणारा एक तरुण होता. त्याचे दुकान म्हणजे जिन्याखालची एक टेबलभर जागा. तो म्हणाला, “काका, कंपनीच्या माणसांकडे एक बॅटरी असते म्हणतात. ती घातली की मेलेलं मशीन उठतं. ती आता बाहेर आली आहे असं ऐकतो. थोडं थांबा.” आम्ही हसलो. बॅटरी वीज देते, बुद्धी देत नाही, असा एक चुरचुरीत शेराही मारला. भाचा हिरमुसला, पण भोळ्या आशेपासून त्याला वाचविल्याचा आम्हांस अभिमानच वाटला. अखेर ते यंत्र आम्ही त्याच तरुणास सुट्या भागांच्या भावाने, पाचशे रुपयांस, देऊन टाकले.

ऑगस्ट २००७ मध्ये ‘पँडोरा’ या नावाने ती बॅटरी खरोखरच जगापुढे आली. तिची युक्ती अशी. पीएसपीच्या मूळ बॅटरीत एक चिमुकली चिप असते आणि तीत त्या बॅटरीचा अनुक्रमांक लिहिलेला असतो. चालू होताना यंत्र प्रथम तो अंक वाचते. त्या अंकाच्या ३२ द्विमान स्थानांवर सर्वत्र १ आढळला, तर यंत्र समजते की आपण दुरुस्तीच्या टेबलावर आहो. मग ते आपल्या पोटातील बिघडलेला प्रोग्रॅम न वाचता बाहेरच्या मेमरी स्टिकवरून जागे होते. ‘ध चा मा’ केल्याने जिवंत माणसाचा प्राण गेला अशी आपल्या इतिहासातील आख्यायिका आहे. येथे अंकात फेरफार केल्याने मेलेल्यास प्राण येत होता. अर्थात केवळ बॅटरीने भागत नव्हते. मेमरी स्टिकवरचा प्रोग्रॅमही यंत्रास आपला वाटेल अशा रीतीने बांधावा लागे. खरे अवघड काम तेच होते. ते साधल्यावर चांगल्या चालत्या पीएसपीवर साध्या बॅटरीची संजीवनी करून घेता येऊ लागली. त्यासाठी निघालेल्या एका प्रोग्रॅमच्या स्पॅनिश नावाचा अर्थच ‘स्मशानाची जाग’ असा होता.

त्या दिवाळीत जिन्याखालच्या टेबलावर आमच्या भाच्याचे यंत्र आम्ही जिवंत पाहिले. त्याच्या कोपऱ्यावरचा ओरखडा आमच्या ओळखीचा होता. त्या तरुणाने आम्हांस फसविले होते काय? मुळीच नाही. त्याने ठाऊक होते तेवढे सांगितले होते, ‘थांबा’ असेही म्हटले होते. फसविले होते ते आमच्या शहाणपणाने.

खजील झालेला मनुष्य पुढच्या खेपेस शहाणा होतो असे नाही. पुष्कळदा तो फक्त उलट्या बाजूस कलतो. २००९ मध्ये भाच्याच्या दुसऱ्या यंत्राची, पीएसपी-३००० ची, सोबत्यांच्या नादाने तीच गत झाली. या वेळी आम्ही एका काचेच्या दारांच्या, गार हवेच्या दुकानात गेलो. तेथील गृहस्थ अस्खलित इंग्रजीत बोलले, “खास कंपनीतून आलेली, सर्व मॉडेलांस चालते” असे म्हणून त्यांनी एक बॅटरी पुढे केली, आणि आम्ही बाराशे रुपये मुकाट्याने मोजले. यंत्र उठले नाही. उठणारही नव्हते, कारण पीएसपी-२००० च्या शेवटच्या बोर्डांपासून आणि २००८ च्या शरदात आलेल्या ३००० पासून कंपनीने ते दार बंद केले होते. ही गोष्ट त्या वेळी कोणासही विचारून कळण्याजोगी होती. आम्ही विचारले नाही.

पुढे हे दोन्ही प्रसंग शेजारीशेजारी मांडून पाहिले, तेव्हा आमची चूक आम्हांस उमगली. पहिल्या खेपेचा अविश्वास आणि दुसऱ्या खेपेचा विश्वास या दोन चुका नव्हेत, ती एकच चूक होय. दोन्ही वेळा आम्ही वार्तेची पारख केलीच नाही. वार्ता आणणाऱ्याची केली. एकाच्या हातास राळेचा वास येत होता आणि दुसऱ्याच्या अंगास अत्तराचा, एवढ्यावर आम्ही निवाडा दिला. खऱ्या भाऊंस आम्ही वेशीवरून परत पाठविले आणि तोतयास वाड्यात घेतले.

मग पारख कशी करावी? आमच्या अल्प अनुभवातून चार प्रश्न सुचतात. पहिला, अशी वस्तू असण्यास मुळात कारण आहे काय? जे यंत्र आपला प्रोग्रॅम पुसून पुन्हा लिहिते, ते केव्हातरी अर्ध्यावर मरणारच. तेव्हा निर्मात्याने स्वतःसाठी एखादे मागील दार ठेविले असावे हे संभवनीयच होते. एवढा विचार केला असता, तर तो शेरा मारण्यापूर्वी आमची जीभ अडखळली असती. दुसरा, नेमके काय बदलते, हे सांगणारा सांगू शकतो काय? ‘विशेष बॅटरी’ हे वर्णन नव्हे. ‘बॅटरीतील अनुक्रमांक’ हे वर्णन होय. तिसरा, ही युक्ती कोठे चालत नाही? खऱ्या उपायास कुंपण असते. सर्व रोगांवर चालणारे औषध जत्रेतच मिळते. चौथा, सांगणाऱ्याच्या गैरहजेरीत तिऱ्हाइतास ते करून पाहता येते काय? छायाचित्रातील बॅटरी ही बॅटरीच दिसते. तिच्या पोटातील अंक छायाचित्रात उमटत नाही.

वार्ता विचित्र आहे, म्हणून खोटी, हे प्रमाण मात्र कोणी मानू नये. निन्टेन्डोच्या ३डीएस या यंत्रासंबंधी २०१७ मध्ये असे उघड झाले की, झाकण मिटलेले असता तीन ठरावीक कळा दाबून ते चालू केले, तर ते घातलेल्या कार्ट्रिजवरून जागे होते. झाकण मिटल्यावर कळा दाबाव्या कशा? तर झाकण उघडेच ठेवून एक लोहचुंबक योग्य जागी धरावा, म्हणजे यंत्रास ते मिटल्यासारखे वाटते. ऐकणारा यास चेटूक म्हणेल. पण ते खरे होते. २०१८ मध्ये त्याच कंपनीच्या स्विच यंत्राच्या उजव्या खाचेतील दोन संपर्कबिंदू तारेने जोडून त्याच्या दुरुस्तीच्या दारात शिरता येते असे कळले. त्या वार्तेस हातच्या कंकणाप्रमाणे आरसा लागत नव्हता. तारेचा तुकडा पुरे होता. आणि तिलाही कुंपण होते: त्याच वर्षाच्या मध्यापासून बनलेल्या यंत्रांत तो दोष उरला नाही.

अशा वस्तूंस ‘फुटलेल्या’ म्हणतात, त्याविषयीही एक शब्द. पँडोराच्या बाबतीत हजारो लोकांच्या हाती पोहोचले ते कंपनीच्या कपाटातील बॅटरीचे भांडार नव्हे, तर ज्ञान. बॅटऱ्या ज्याच्या त्याच्याच होत्या. त्या ज्ञानाने मेलेली यंत्रे उठली, तसेच फुकटात खेळ पळविणारेही त्याच दाराने आत शिरले. कंपनीने दार बुजविले, यात नवल नाही. मात्र त्याबरोबर भाच्यासारख्यांची प्रामाणिक यंत्रेही बाहेर राहिली, हे दुःख खरे आहे.

या कथेस एक शेपूट आहे. एका तपाहून अधिक काळ लोटल्यावर त्या बंद यंत्रांचेही कोडे सुटले. नव्या यंत्रांस नुसता अंक पुरत नव्हता. ती बॅटरीस गुप्त प्रश्न विचारीत आणि योग्य उत्तर मिळाल्यावाचून दुरुस्तीचे दार उघडीत नसत. ते उत्तर देण्याची रीत अखेर शोधणाऱ्यांस सापडली. म्हणजे आम्हांस हसू आले ते आमचेच: आम्ही बाराशे रुपये देऊन घेतलेल्या तोतयास त्या यंत्राने पहिल्याच प्रश्नात ओळखले होते. जे यंत्रास सुचले ते आम्हांस सुचले नाही. त्याने बॅटरीचा पोशाख पाहिला नाही. प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहिली.

भाचा आता मोठा झाला आहे. ती बाराशे रुपयांची बॅटरी आमच्या लिहिण्याच्या मेजावर आहे. कोणी आत्मविश्वासाने काही सांगू लागला, किंवा कोणाचे बोलणे ऐकून आम्हांसच चटकन हसू येऊ लागले, म्हणजे आम्ही एकदा तिच्याकडे पाहतो.