एकसष्ट आणि पळीभर तेल

६१ ही मूळ संख्या. १ आणि ती स्वतः, याखेरीज तिला कुणी भागत नाही. एवढ्याशा संख्येच्या पोटात किती गणित आहे, ते भास्कराचार्यांनी ११५० साली दाखवलं. त्यांच्या ‘बीजगणिता’तला प्रश्न असा : एका वर्गाला ६१ने गुणा, त्यात १ मिळवा, उत्तरही पूर्ण वर्ग हवं. ६१च्या जागी ६० असते तर ४चा वर्ग पुरला असता. ६२ असते तर ८चा. मधल्या ६१ला मात्र लहानात लहान संख्या लागते ती २२,६१,५३,९८०!

याचं मूळ ६१च्या स्वभावात आहे. ४ने भागल्यावर १ उरतो अशा कुठल्याही मूळ संख्येने वर्गाला गुणून १ मिळवण्याऐवजी वजा केला, तरी वर्ग जुळतोच. ६१साठी तो ३८०५ला जुळतो. मिळवणीचं उत्तर ३८०५ आणि तिथे जुळलेल्या वर्गाचं मूळ या जोडीच्या स्वतःशी केलेल्या गुणाकारातून येतं, म्हणून ते एवढं लांबतं. भास्कराचार्य ‘चक्रवाल’ या, तीच कृती फिरून फिरून करण्याच्या पद्धतीने तिथवर मोजक्या पायऱ्यांत पोचले. १६५७ साली फ्रेंच गणितज्ञ फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना हाच ६१चा प्रश्न घातला, तेव्हा त्याचं उत्तर आपल्याकडे पाचशे वर्षं जुनं होतं.

हे गणित टिकलं कसं, याचा विचार करताना मला चाळीसगावजवळचं पाटण आठवतं. तिथे देवीच्या देवळात १२०७चा शिलालेख आहे. संशोधक भाऊ दाजींनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. शेवटच्या ओळी मराठीत आहेत, आणि मला त्याच सर्वांत मोलाच्या वाटतात. बाजारातल्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला दिलं आहे. चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळी पळी तेल लावून दिलं आहे. ग्रहगणित आणि बीजगणित खान्देशातल्या तेल्याच्या घामावर शिकवलं जात होतं.

६१ची गोष्ट पुढेही चालू राहिली. २चा ६१वा घात उणे १ ही १९ आकडी संख्याही मूळच आहे, हे १८८३ साली पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूने हाताने गणित करून सिद्ध केलं. याच जातीची, म्हणजे २च्या घातातून १ वजा करून मिळणारी, ४,१०,२४,३२० आकडी मूळ संख्या २०२४ साली सापडली, ती ‘गिंप्स’ या उपक्रमातून. १९९६पासून जगभरचे हौशी लोक त्यासाठी आपापले संगणक राबवत आले आहेत.

अशा संख्येचा उद्या काय उपयोग, हे शोधणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणूनच हे ज्ञान एकट्याच्या बुद्धीवर जगत नाही. त्याला समाजाचा रोजचा वाटा लागतो. पाटणच्या बाजारपेठेने तो आठशे वर्षांपूर्वी उचलला. जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक शाळेत भास्कराचार्यांचा ६१ फळ्यावर सोडवून दाखवणं, हा आजच्या खान्देशाचा वाटा ठरावा.