चष्म्यावरची वाफ

मे महिन्यात भर दुपारी एसी डब्यातून भुसावळच्या फलाटावर उतरलं की झळ तोंडावर येते, डोळे आपोआप बारीक होतात. पण चष्म्याची काच लख्ख असते. जुलैत त्याच फलाटावर उतरा. आभाळ भरलेलं, पारा जेमतेम तिशीत, हवा कशी बरी वाटणारी. आणि डब्याच्या दारातच समोरचं सगळं पांढरं. हमाल गेला, बाकडं गेलं, पायरी गेली. एका हातात बॅग, मागून लोटणारी माणसं, आणि आपण पायानं फलाट चाचपत उभे.

चष्मा न लावणाऱ्यांना यातली गोम कळत नाही. त्यांना वाटतं, गारव्यातून गरमीत गेलं की काच धुरकटणारच. तसं असतं तर खानदेशात चष्मेवाल्यांना मे महिन्यात घराबाहेर पडायची सोय नव्हती. काचेचं वाकडं आहे ते ओलाव्याशी. बाहेर 45 अंश असले आणि हवेत दमटपणा 12 टक्के असला, तर दवबिंदू येतो नऊ-दहा अंशांच्या आसपास. म्हणजे एखादी वस्तू तितकी गार असेल तरच तिच्यावर पाणी धरेल. डब्यातून आलेली काच असते 23-24 अंशांची. तिला कसलं पाणी धरतंय! जुलैत 30 अंश आणि 80 टक्के दमटपणा धरला तर दवबिंदू 26 वर जातो. आता तीच काच हवेपुढे गार ठरते आणि हवेतलं पाणी तिच्यावर येऊन बसतं.

भुसावळहून वरणगावकडे निघालं की वाटेत दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या लागतात आणि मग गाव. गावाची ओळख बाहेरच्यांना आयुध निर्माणीमुळे. साठच्या दशकात उभी राहिलेली, बंदुकीच्या गोळ्या बनवणारी ही फॅक्टरी 2021 पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. गावात अजून तिला नुसतं ‘फॅक्टरी’च म्हणतात. आम्हा गावकऱ्यांना मात्र दुसरा अभिमान हतनूरचा. तापीवरच्या या धरणाला 41 दरवाजे. पावसाळ्यात ते उघडले की आम्ही गाड्या काढून बघायला जातो. तिथं तुषार उडून चष्म्यावर येतात. हल्लीच्या काचांवरून ते टपटप ओघळून जातात, एकदा झटकलं की काम झालं. दुकानदारानं ‘वॉटर रिपेलंट’ म्हणून पैसे घेतलेले असतात, ते वसूल झाल्यासारखं वाटतं. परतीच्या वाटेवर टपरीवर थांबतो, चहाचा ग्लास तोंडाला लावतो आणि तीच काच क्षणात ठार आंधळी.

हे असं का, ते काचेला डोळा भिडवून पाहिलं की समजतं. चहाच्या वाफेवर काच धरायची आणि नंबरचं भिंग घेऊन तिरक्या उजेडात बघायचं. वाफ म्हणून जी दिसते ती पांढरी चादर नसतेच. टाचणीच्या टोकाहूनही लहान असे असंख्य थेंब असतात, एकेक सुटा, घुमटासारखा फुगलेला. दोन थेंबांच्या मध्ये कोरडी जागा. काही शेजारच्या थेंबाला टेकतात आणि गपकन एक होतात. प्रत्येक घुमट उजेड आपल्या मनाप्रमाणे वळवतो, म्हणून पलीकडचं काही दिसत नाही. पाणी स्वतः पारदर्शकच असतं. त्याचा आकार नडतो. थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो त्याला शाळेच्या पुस्तकात स्पर्शकोन म्हणतात. पाणी झटकणाऱ्या थरावर तो कोन मोठा. त्यामुळे हतनूरचे टपोरे तुषार घरंगळतात, पण चहाच्या वाफेचे थेंब इतके हलके की घरंगळायला त्यांच्यात वजनच नसतं. ते फुगून जागच्या जागी बसून राहतात.

धुकं न धरणारा थर याच्या बरोबर उलटं काम करतो. तो पाण्याला हाकलत नाही, ये म्हणतो आणि आडवं करतो. कोन इतका लहान होतो की थेंब उभाच राहत नाही, पसरून पातळ पापुद्रा होतो आणि त्यातून नजर सरळ पार जाते. म्हणजे काच ओली असते, पण ओली दिसत नाही. काही थर थोडं पाणी पिऊनही घेतात, त्यांचं पोट भरेपर्यंत. काहींना अधूनमधून खास कपड्यानं पुसून ताजं करावं लागतं.

माझ्या काकांना एका दुकानदारानं हा थर सुचवला होता. काका म्हणाले, “आपल्याकडे कुठं आलं धुकं? आम्ही काय महाबळेश्वरला राहतो?” मी समजावू लागलो तर म्हणाले, “साबण लाव भो. निघ.”

साबणाचं त्यांचं खरंच होतं. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब दोन्ही बाजूंनी बोटानं चोळायचा, पाण्याखाली धरायचं, झटकायचं आणि कपडा न लावता वाळू द्यायचं. मागे जो न दिसणारा लेप राहतो तो पाण्याचा ताण मोडतो. मास्कमुळे चष्मा धुरकटू नये म्हणून हाच उपाय इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात 2011 मध्ये छापून आला होता. सगळ्या जगाला त्याची गरज पडली 2020 मध्ये. त्या उन्हाळ्यात एक गंमत झाली. दुपारी रस्त्यावर मास्क लावून चाललो तर काच स्वच्छ, घरात कूलरपुढे बसलो की वाफ. श्वासातल्या ओलाव्याचा दवबिंदू 34-35 अंशांजवळ असतो. रस्त्यावर काचच चाळिशीच्या पुढे तापलेली, तिच्यावर श्वासाचं काय चालणार! वरणगावचं ऊन असं कामी आलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि ही अडचण चहाच्या टपरीपुरती नाही. 5 जून 1966 रोजी जेमिनी 9 यानाबाहेर पडलेल्या यूजीन सर्ननच्या शिरस्त्राणाची काच आतून इतकी धुरकटली की त्याला नाक घासून बघण्यापुरतं भोक करावं लागलं. काम अर्धवट टाकून तो परतला. पुढच्या यानांमध्ये काचेला आतून लावायला द्रावण दिलं गेलं. आता त्या द्रावणाचीही तऱ्हा बघा. 2001 मध्ये अंतराळात तरंगत काम करणाऱ्या ख्रिस हॅडफिल्डच्या डोळ्यात असंच द्रावण गेलं. आणि तिथं वजन नसल्यामुळे अश्रू गालावर ओघळेना, डोळ्यावरच गोळा झाला. साबण नीट धुवा, एवढं मी काकांना या गोष्टीवरून सांगू शकलो.

आमच्याकडे खरी परीक्षा हिवाळ्यात असते. शेतात भरिताची पार्टी, कपाशीच्या काड्यांच्या जाळात भाजलेली बामणोदची हिरवी वांगी, थंडी अशी की फ्रेमची दांडी कानाला चटका देते. वांग्याचं साल सोलायला कुणी वाकला की आतली वाफ थेट काचेवर. “काढ भो तो चष्मा आधी!” असा ओरडा होतो. काढला तर वांगं दिसत नाही, घातला तरी दिसत नाही. मग बडगीत वांगी ठेचायचं काम बिनचष्म्याच्या माणसाकडे जातं आणि चष्मेवाल्यांच्या वाट्याला मिरच्यांची देठं येतात.

तेव्हा धुकं न धरणारा थर घ्यावा का? जो मास्क लावून ऑपरेशन करतो, गॉगल लावून यंत्रापुढे उभा राहतो, भटारखान्यात कढईवर वाकतो किंवा पावसात हेल्मेट घालून मोटारसायकल हाकतो, त्यानं जरूर घ्यावा. तिथं दोन सेकंदांचा आंधळेपणा महागात पडतो. माझ्यासारख्यानं चहा थोडा निवू द्यावा.

झुरिकच्या संशोधकांनी मात्र 2022 मध्ये वेगळीच वाट काढली. पाण्याला आडवं करण्याऐवजी त्यांनी काचच गरम ठेवली. टायटॅनियम डायऑक्साइडच्या दोन थरांमध्ये सोन्याचे बारीक कण, सगळं मिळून जाडी 10 नॅनोमीटर. उन्हातले अवरक्त किरण तेवढे शोषले जातात, डोळ्याला लागणारा उजेड बराचसा पार होतो आणि काच एरवीपेक्षा 8 अंशांपर्यंत जास्त तापते. वीज नको, साबण नको. फक्त ऊन हवं. म्हणजे आमच्याकडे मे महिन्यात, जेव्हा काचेवर वाफ धरतच नाही, तेव्हा हे झकास चालेल आणि भरिताच्या रात्री काही उपयोग नाही.

काकांना हे सांगितलं. जळगावच्या सराफ्यात उभी हयात सोनं घेतलेला माणूस. त्यांनी लगेच विचारलं, दोन काचांत मिळून सोनं किती? हिशेब केला तर अर्धा मिलिग्रॅमही भरेना.

“मग मोडताना काय येईल?”